काचेचं कौल

डायनिंग टेबलावर घर पसरलंय,
आंजर्ल्याचं, शंभरास एक या मापात.
चार कोपऱ्यांवर वजनं: लोणच्याची बरणी, दिगूचा मोबाइल,
वीजबिलांची फाइल, आणि एक कप
ज्यातला चहा कोणीच पीत नाहीये.

डहाणूकर कॉलनी, तिसरा मजला, दुपारचे सव्वातीन.
समोरची इमारत पुनर्विकासाला गेल्यापासून
आमच्याकडे ऊन हिरव्या जाळीतून गाळून येतं,
म्हणून ट्यूब लावलेली.
तिच्या उजेडात
आम्ही उजेडाचं ठरवतोय.

ऋजुता म्हणते, इथे दहा फूट वाढवू,
पश्चिमेची भिंत सगळी काच,
बसल्या जागी समुद्र.
तिच्या पेन्सिलीला घाई नाही, पण शंकाही नाही.
"सकाळी तुमच्याकडे ऊन कुठून यायचं?"

दिगूनं माझ्याकडे पाहिलं, मी दिगूकडे.
आम्हाला मे महिना आठवतो, त्यातले आठ दिवस,
ताम्हिणीतल्या उलट्या, शहाळी, पायांना चिकटलेली वाळू.
सूर्य आम्ही फक्त बुडताना पाहिलाय,
तोही फोटोसाठी
त्याच्याकडे पाठ करून.

शेवंतीआत्या पलीकडे मेथी निवडत होती.
उठली. चष्मा बदलला.
नकाशा तिला उलटा दिसला, तर तिनं तोच फिरवला,
बरणी, बिलं, कप, सगळं सरकवत.
"ही न्हाणी. ही पडवी. म्हणजे हा समुद्र,"
आणि समुद्राच्या जागी मेथीची जुडी ठेवली.
"इथे खिडकी होती."
कागदावर तिथे नुसती जाड रेघ.

तिच्या वडिलांनीच बुजवली, चिरे लावून,
रेडिओ आणला त्या वर्षी.
खाऱ्या वाऱ्यानं आधी शिवणाचं मशीन खाल्लं,
मग कडी, मग बिजागऱ्या,
मग आईच्या ट्रंकेचे दोन्ही कान.
"उजेड एकटा येत नाही गो.
मिठाचं बोट धरून येतो."
रेडिओ वाचला.
घर अंधारलं ते अंधारलंच.

ऋजुता हसली. आता पावडर कोटिंग असतं, आत्या,
गंजत नाही काही.
"आणि काच? दोन दिवसांत दुधासारखी होते.
पुसायला
कोण असणार आहे तिथे?"

पंखा फिरत राहिला.
दिगूनं मोबाइल उचलला,
तसा तो कोपरा सुटला
आणि नवं स्वयंपाकघर गुंडाळलं गेलं.

मी विचारलं, मग त्या अंधारात तुम्ही कसं...
"कौल होतं की. काचेचं. एकच."

भाकरीएवढं ऊन पडायचं छपरातून
आणि दिवसभर सरकत राहायचं.
जात्यापाशी आलं की आई तांदूळ वैरायची,
उंबऱ्याला टेकलं की शाळा सुटलेली असायची.
ढगाळ दिवशी सगळ्यांचीच जेवणं उशिरा,
कोणी कोणाला बोलायचं नाही.
लग्न होऊन पुण्यात आली,
भिंतीवर चावीचं चांगलं घड्याळ,
तरी वर्षभर ती फरशीकडे बघून वेळ सांगायची
आणि चुकायची.
सासरे म्हणायचे, सूनबाई खाली काय शोधतात?

ऋजुतानं पेन्सिल पुढे केली.
आत्यानं घेतली नाही.
मेथीनं हिरवं झालेलं बोट टेकवलं कागदावर,
नव्या आराखड्यात जिना आहे, त्यावर.
"इथे असेल. नाही, थोडं इकडे.
नाही. इथेच."
तीन डाग उमटले.

ऋजुता बराच वेळ बघत राहिली,
मग खोडरबर घेऊन
जिना पुसायला लागली, खालच्या पायरीपासून.

"अहो, मग वर कसं जायचं?" दिगू म्हणाला.

आत्यानं समुद्र उचलला
आणि निवडायला बसली.