दहा द्राक्षं

मंगळवारी रात्री आमच्या गल्लीतली घरं
आपापलं पोट फुटपाथवर रिकामं करतात.
बुधवारी सहाला कचऱ्याची गाडी येते.
त्याआधीचा काळोख माझा.

अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली,
कुठल्या दाराशी काय साचतं ते पाठ आहे.
पण कॉर्डेलिया ग्रिग्जच्या दाराशी आज
गादी, दिव्याची दांडी, आणि ओलावून बसलेला एक खोका,
वर तिच्या मुलाचं अक्षर: किचन, फालतू.
उचलला तर आत कुणीतरी
झोपमोड झाल्यासारखी कूस बदलली.

घरी टेबलावर टॉवेल. कोमट पाणी, जुना टूथब्रश.
आधी बूड बघायचं.
माणसाचं तोंड बघावं, भांड्याचं बूड.
नाव असलंच तर तिथं, नसलं तर ओरखडे:
कपाटातून टेबलावर, टेबलावरून कपाटात,
पन्नास वर्षं सरकल्याचे, प्रत्येकाची दिशा वेगळी.
सगळे एकाच दिशेला जाणारे असतील तर समजावं,
मागच्या महिन्यात कुणीतरी सँडपेपर फिरवलाय.

मग शिवण. साच्याची दोन अर्धुकं जिथे भेटली
तिथे ती अंगठ्याला लागते, डोळ्याला नाही.
मग टिचकी.
चार पेले टक् म्हणाले नि गप्प बसले.
पाचवा बोलतच राहिला,
मी जाऊन चहा ओतून आणला
तरी त्याचं थोडं सांगायचं उरलं होतं.

मग दिवा मालवून जांभळ्या उजेडाची बॅटरी.
साखरेचं भांडं एकदम पेटलं,
पावसाळी बेडकाच्या पाठीसारखं हिरवंगार.
युरेनियम.
कॉर्डेलियानं साठ वर्षं त्यातली साखर खाल्ली
आणि ब्याण्णवाव्या वर्षी गेली
चेरीच्या झाडाला लावलेल्या शिडीवरून.

गुलाबी बशी मंदीच्या काळातली,
ओटच्या डब्यात फुकट यायची.
फुकट आलेलं कुणी एवढं जपतं?
कडेला एक टवका नाही.

उरला एक जग.
फिका हिरवा, पोटावर द्राक्षांचा घड.
पुस्तकात सापडला, म्हणजे जवळपास:
चित्रातल्या घडात अकरा द्राक्षं,
माझ्यात दहा. तीनदा मोजली.

म्हणून एमिल ह्राबोव्स्कीकडे गेले.
नदीकाठचा वृद्धाश्रम, खोली चौदा.
चौतीस वर्षं काचेचे साचे कोरले त्यानं,
आता डोळ्यांत नुसतं दूध.
जग मांडीवर ठेवला. त्यानं तोलला, हुंगला,
कानाशी नेला, उगाच.
"पलीकडच्या काठचा," म्हणाला.
"त्यांनी आमचा घड चोरला, आणि मोजता येत नव्हतं.
आमच्याकडे एक द्राक्ष कोरायचं राहिलं
तर अख्खा साचा वितळवायचे, पगार कापून."
"कधी राहिलं होतं?"
"पलीकडे," तो म्हणाला. "पलीकडच्यांचं."

पण अंगठा परत परत
घडाच्या डाव्या कडेला येऊन थांबत होता,
जिथे काहीच नाही,
जिथे काच नुसती गुळगुळीत.

"कुणाच्या घरचा?"
"कॉर्डेलिया ग्रिग्जच्या."
खिडकीखालून कोळशाचं एक गलबत गेलं,
गेलं म्हणजे, जायला बराच वेळ लागला.
"पॅकिंगला होती तेव्हा," तो म्हणाला,
"ग्रिग्ज नव्हती."

नर्स सूप घेऊन आली.
त्यानं जग पांघरुणाखाली ओढला
आणि मला विचारलं, बाहेर थंडी आहे का.

घरी येऊन वही उघडली.
जग, हिरवा. घडात दहा.
कारखाना: पलीकडचा.
बाकी सगळं पेनानं लिहिते मी.
कारखान्याच्या रकान्यात
पेन्सिल वापरली.