दोनशे चाळीस स्टिकर

ऑर्डर आली तेव्हा ऑगस्ट होता.
मनामात, आमच्या गुदैबियाच्या गल्लीत,
रात्री अकरालाही दुकानाचं दार उघडलं
की चष्मा आंधळा व्हायचा.
लाल वर्तुळ, आडवी रेघ, मधे सिगारेट,
वर अरबी, खाली इंग्रजी.
परकार म्हणाला, मराठीतही एक काढ रे, आपल्या खोलीसाठी.
म्हटलं, आधी तू सोड, मग काढतो.
तो हसला, हसता हसता खोकला,
खोकत खिडकीपाशी गेला.
ती खिडकी उघडत नाही.
एसी बसवताना कुणीतरी सिलिकॉननं बुजवून टाकलीय.

स्टिकर लावायलाही मीच जायचो,
शिडी आणि कापडाचा बोळा घेऊन.
काच आधी पुसावी लागते. धूर बसलेला असतो तिच्यावर,
पिवळा, चिकट, तुपाच्या डब्याच्या झाकणासारखा.
आणि मी पुसत असताना जो तो मला मत द्यायचा,
जणू नियम मीच केलाय.

न्हावी म्हणाला, झालं ते बरं झालं,
आणि कात्री ठेवून मागच्या बोळात गेला ओढायला.
कॅफेतले म्हातारे हाजी नळी न सोडता म्हणाले,
हे ओढणं नव्हे बाळा, हे बसणं आहे.
बसण्यावर कधी बंदी असते का?
गुल वझीर टॅक्सीतून ओरडला,
माझ्या गाडीला दोन लाव, एक गिऱ्हाइकासाठी, एक मला.
हॉटेलच्या बारमध्ये एकजण, पूल ओलांडून आलेला,
ग्लास आपटून म्हणाला,
एवढ्या लांब काय लिंबू सरबत प्यायला आलोय?
बाहेर जाऊन ओढायची? बाहेर? या उकाड्यात?
मॅनेजर रम्झीसाहेब हळूच माझ्या कानाशी आले,
लाव, लाव. पण त्या प्लास्टिकच्या खजुराच्या मागे लाव.

मी खजुराच्या मागे लावला.

निलांती तेव्हा ॲशट्रे गोळा करत होती,
एकात एक रचून, डाव्या हातावर सात.
ती बोलत नसे. त्या दिवशी म्हणाली,
तिच्या मोडक्या हिंदीत, माझ्या मोडक्या हिंदीकडे बघत,
सगळ्यांना विचारलं वाटतं यांनी?
गिऱ्हाइकांना कागद वाटले होते. हो की नाही, खूण करा.
मला नाही दिला कागद.
नऊ वर्षं आहे मी इथे. एक नाही ओढली.
मागच्या महिन्यात डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला,
आणि फोटोकडे बघतच विचारलं,
दिवसाला किती?

मग ॲशट्रे सिंकमध्ये सोडले तिनं. पाणी काळं झालं.
उरलाय का एखादा, म्हणाली.
उरले होते पुष्कळ. तिनं एकच घेतला,
आणि आपल्या लॉकरच्या दाराला आतून लावला,
साडीच्या घडीतल्या फोटोसमोर.
तिथे कोण ओढणार होतं?
मी विचारलं नाही.

रात्री दुकानात मशीन चालूच होतं.
मराठी स्टिकर काढायला बसलो आणि शब्द सुचेना.
धूम्रपान निषिद्ध लिहिलं, तर एसटी स्टँड आठवला,
आणि त्याच पाटीखाली विड्या ओढणारे सगळे.
ओढू नका लिहिलं, तर भीक मागितल्यासारखं दिसलं.
बाहेर जा लिहून खोडलं. हा बाहेर जाणार तरी कुठे,
जिन्यावर रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात.
शेवटी निलांतीचंच वाक्य लिहिलं,
ठळक, काळं, वर्तुळात.

पहाटे परकार उठला, लायटर चाचपत,
त्यानं भिंतीवरचं वाचलं, उभ्यानं, ओठ हलवत,
खेडच्या शाळेत वाचायचा असेल तसं.
दिवसाला किती?
बोटं मोजू लागला, मधेच थांबला,
माझ्या अंथरुणाकडे वळून म्हणाला,
माझ्या, का तुझ्या?