चार टिंबांचा जीव

बस, रुणाली. कूलरची हवा ह्याच खुर्चीवर येते.
जिनिंग बंद, मे महिना, काट्यावर दिवसाले एखादा ट्रॅक्टर,
थोही मुरमाचा.
म्हून पाच वाजेवरी हा कॉम्प्युटर आपलाच समज.

पयले पाच जण बनव. सहावी जागा सोड.
एकटा हिरो घेऊन जो निंगते
त्याले पयल्याच तळघरात उंदरं खातात.
हासू नको, खरंच खातात,
आपल्या सरकीच्या ढिगातल्यायहून मोठे असतात थे.

लोखंड घातलेले दोघं समोर.
माह्यावाल्यायची नावं सोनबा अन् लटारी,
गठाणी उचलणारे होते इथं, त्याईच्यावरून ठेवली.
मांगं वच्छलाबाई, जखमा बांधाले.
हौसेनं तलवार देऊ नको तिले.
थे जित्ती तं सारे जित्ते.

चोर एक लागतेच.
बिनाचोराची पेटी उघडली का सुई टोचते,
माणूस हिरवा पडते, अन् औषध चार गावं दूर.
त्याचं नाव चंपत हाय. सरपंचाच्या भावाले सांगू नको.

अन् जादूगार. चार टिंबांचा जीव,
धक्का लागला तरी मरते अशी.
तिले तू तुहंच नाव टाकलं, म्या पाह्यलं.
आग शिकवू नको तिले. सारे आगच शिकवतात.
झोप शिकव.
एक मंत्र, अन् पंधरा राक्षस आडवे,
लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या पाहुण्यायसारखे
जिथं सावली भेटली तिथं.
पण दिवसातून एकदाच. एकदाच, रुणाली.
थे संपली का जिना चढ, सराईत जा, झोप, उद्या ये.
पळण्यात लाज नाई.

सराईत साऱ्यायशी बोल.
कोपऱ्यात कोणी एकटा बसून रायते,
सहावी जागा त्याची.
न बोलता येत नाई थो.

दारासमोर आलं का सेव्ह.
उघडाच्या पयले, उघडल्यावर नाई.
इथली लाईन साडेबाराले जाते, कधी बाराले,
यूपीएस तीन मिनिटं कन्हते अन् मरते.
एकदा अशीच गेली, तेविसाव्या दिवशी,
लटारी तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर उभा होता.
खरा लटारी त्याच हप्त्यात सुरतले गेला.
मंग तसा पुन्हा बनलाच नाई,
आकडे पडले नाईत तसे.

लाल बाटल्या जपू नको, पेऊन टाक.
माह्याजवळ चाळीस साठल्या होत्या.

"मंग तिसऱ्या मजल्याच्या खाली काय हाय, काका?"

कूलरचं पाणी दोनदा टपकलं.
खरं सांगू?
मी खाली गेलोच नाई.
एकोणीस वेळा सुरुवात केली.
जराक कोणी मेलं का सारं पुसून टाको,
नवे पाच, नवे आकडे, सराईतलं तेच टेबल.
म्हून मले सुरुवात अशी तोंडपाठ हाय.

तितक्यात हॉर्न.
ट्रॅक्टर मागंपुढं करून चढवला, चार टन दोनशे,
पावती हातानंच फाडली,
ड्रायव्हरनं पाणी मांगतलं, थेही देल्लं.

परत आलो तं पडद्यावर पाचवा मजला.
वच्छलाबाई मेलेली, चंपतच्या पाठीवर.
सोनबा हिरवा.
सहाव्या जागेवर कोण्या म्हाताऱ्याले आणलं होतं तिनं,
मले थो कधी भेटला नव्हता.
अन् सगळ्यात समोर, लोखंड न घालता,
चार टिंबांची रुणाली. त्यातलेही दोन गेलेले.

"झोप हाय का?"
"कव्हाचीच संपली."
"बाटल्या?"
"एकबी नाई."
"सेव्ह?"
थे बोललीच नाई. दार उघडत होती.

बारा वाजून पाच झाले होते.
म्या स्टूल ओढलं अन् बसलो.

पाचव्या मजल्याच्या भिंती निळ्या असतात.
मले माहीत नव्हतं.