तिसरं सिलिंडर

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर एकोणीस.
शटर अर्धंच खाली, कारण आज पेट्रोल उघडं आहे.
बॅटरीचं टर्मिनल सोडवलंय,
जनू शेजारच्या वेल्डिंगवाल्याला सांगून आलाय
दुपारपर्यंत ठिणगी नको, जेवून घे.

गाडी लिनिया टी-जेट. मालक ओजस भोपी,
वय सव्वीस, ऐरोलीला नोकरी, पगार टर्बोत.
मोठा टर्बो आधी बसवला त्याने, कळंबोलीत कुणाकडे तरी,
पेट्रोलचं नंतर बघू म्हणाला.
ते नंतर गेल्या गुरुवारी आलं
चौथ्या गियरला, साडेपाच हजारांवर.
बोनेटखाली कुणी खिळ्यांचा डबा हलवावा
तसा आवाज.

तीन नंबरचा प्लग काढून त्याच्या तळहातावर ठेवला.
चांगला प्लग भाजक्या बिस्किटाच्या रंगाचा असतो.
हा पांढरा. दुधाच्या दातासारखा.
तो म्हणाला, स्वच्छ आहे की.
म्हटलं, उपाशी आहे.

मग मागची सीट उपटली. पंप तिच्याखाली असतो.
तिथे एक चिंचोका, अर्धी रंगपेन्सिल,
आणि पेट्रोल पंपाची जुनी पावती,
छपाई इतकी उडालेली
की किती लिटर, कोणत्या भावाने, काही राहिलं नव्हतं.
ओजसने ती उजेडात धरली.
बाबांची गाडी होती, म्हणाला,
आणि घडी घालून खिशात ठेवली.
आम्ही टाकीत वाकलो.

जुनं रबर नव्या पेट्रोलने फुगलंय,
नखाने ओढलं तर काळं येतं. सगळे पाइप बदलले.
पंप ताशी दोनशे पंचावन्न लिटरचा,
आणि त्याला जाड वायर, वेगळा रिले, थेट बॅटरीवरून,
नाहीतर ऐन जोरात व्होल्टेज पडतं
आणि मोठा पंपही लहान होतो.
जुने इंजेक्टर काचेच्या चार नळ्यांवर लावले.
पंगत बसवल्यासारखं असतं ते, मला आवडतं.
तीस सेकंदं. पहिल्याला पोटभर, दुसऱ्याला पोटभर,
चौथा ठीक.
तिसऱ्याच्या नळीत बोटभर कमी.
एवढ्या बोटभराने पिस्टन वितळतो, ओजस.

तो गप्प.
मला वाशीच्या तलावावरची संध्याकाळ आठवली.
मृण्मयी काठाशी येऊन उलटी करत होती
आणि तिचे सर मला म्हणत होते,
पोहणं वाढवलंत,
आता जरा वाढतही जा तिला.
मी तेव्हा हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत होतो.
हे मी ओजसला सांगितलं नाही.
नव्या इंजेक्टरच्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं,
रेल दाबून बसवली, चारही बाजूंनी सारखी.

रात्री साडेदहाला घणसोलीचा तो रस्ता,
जो पुढे खारफुटीत शिरायला घाबरतो आणि संपतो.
मांडीवर लॅपटॉप, ओजस स्टिअरिंगवर.
तिसरा गियर. साडेतीन हजार, चार,
टर्बोने श्वास घेतला,
काटा साडेअकराच्या आसपास थरथरला आणि टिकला.
साडेपाच हजार.
मी न येणाऱ्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो.
सहा हजार.
रस्ता संपत आला तेव्हा मीच म्हटलं, सोड आता.
खाडीवरून कुजका, ओला वास आला.
ओजस हसला नाही, ओरडला नाही,
गाडी बंद न करता खाली उतरला
आणि बोनेटवर हात ठेवून उभा राहिला,
ताप बघावा तसा.
टर्बो थंड होईपर्यंत आम्ही तिथेच.

घरी आलो तेव्हा बारा वाजून गेले होते.
हात तीनदा धुतले तरी पेट्रोलचा वास जाईना.
स्वयंपाकघरात फ्रिजच्या उजेडात
मृण्मयी उभ्या उभ्या गार पोळी खात होती,
लोणच्याची बरणी काखेत.
तिसरी असावी.
मोजली नाही.