दहास एक

दुर्बीण घशातून खाली गेली तेव्हा
डॉक्टर संझगिरी पडद्याकडे बघत म्हणाले,
"लालसर आहे. कॉफी किती?"
तोंडात नळी. मी तीन बोटं वर केली.
एक लपवलं.

"बंद करा."
नळी काढल्यावर मी म्हटलं,
एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मुलांनी सांडलेलं आम्ल पुसलंय मी,
सोडा टाकून, फडक्याने, न ओरडता.
आता माझंच सांडलंय तर
थोडी सवलत द्या.
ते हसले. "मग सौम्य शोधा," म्हणाले,
स्थळं सुचवणाऱ्या मावशीच्या सुरात.

माटुंग्याला, बाजारामागच्या गल्लीत
सुंदरेशनची चक्की. दुकान एवढंसं
की माणूस आत शिरला तर वास बाहेर येतो.
त्याचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध,
फक्त 'ळ' जरा जास्तच प्रेमाने.
"आंबट नको? मग उंचावरची नको, ताई.
डोंगर जितका उंच, तितकी कॉफी फटकळ.
काळी भाजून देऊ? भाजलं की आम्ल मरतं."
सोबत आणखी काय काय मरतं
ते तो बोलला नाही.

पन्नास-पन्नास ग्रॅमच्या चार पुड्या,
वर पेन्सिलीने आकडे.
पहिली ती काळी. विझलेल्या काडीचं टोक
चोखल्यासारखी.
दुसरीत चिकोरी इतकी, की कॉफीच
पाहुणी म्हणून आली असावी.
तिसरी रात्रभर गार पाण्यात ठेवायची होती,
सकाळी फडक्यातून गाळली. चांगली होती.
पण गार कॉफी पिणं म्हणजे
दाराबाहेर उभं राहून बोलणं.

निवृत्त होताना कपाटातून
पीएच-कागदाची एक गुंडाळी आणली होती.
चोरली, म्हणा.
प्रत्येक कपात एक पट्टी बुडवली.
कॉफी कागदाला आपलाच रंग लावते,
खरं काही सांगत नाही.
शेवटी जिभेवर विसंबले,
आणि रात्रीच्या दोनवर.

चौथी.
तिचे कच्चे दाणे सुंदरेशनने
तळहातावर घेऊन दाखवले होते:
फुगलेले, फिकट, म्हाताऱ्या दातांच्या रंगाचे.
"मलबारच्या किनाऱ्यावर उघड्या गोदामांत
पसरतात, आठवडेच्या आठवडे.
समुद्राचा ओला वारा आरपार.
दाणा वारा पितो, आंबटपणा सोडतो.
पूर्वी जहाजात आपोआप व्हायचं,
आता मुद्दाम करतात."

मी म्हटलं, मग मीही तीच की.
वडाळ्याला, खाडीकडच्या खिडकीत,
चौतीस वर्षं पसरलेली.
मीठ ओलं, काड्यापेटी ओली,
पापडांचं तर विचारूच नका.
मालतजाऊबाईंशी धरलेला अबोलासुद्धा
कधी सादळला, कळलं नाही.

चव तिची: गोणपाट, जुनं लाकूड,
ट्रंकेत राहून गेलेली वही.
घशाखाली उतरते ती
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
पाच रात्री गाढ झोपले.
सहाव्या सकाळी कप समोर ठेवून
नुसती बसून राहिले.
ज्या घरात भांडायला कुणी उरलं नाही
तिथे दुपारी येते ना,
तशी शांतता होती त्या कपात.

काल पुन्हा गेले.
म्हटलं, चौथी द्या, अर्धा किलो.
पण त्यात ती उंचावरची, फटकळ...
"किती?"
दहास एक.
त्याने का विचारलं नाही.
तराजूत चमचाभर टाकली, जरा काढली,
माझ्याकडे बघितलं, पुन्हा टाकली.
चक्की सुरू झाली.

रात्री दोनला जाग आली. जळजळ.
किंचित, बरगडीच्या मागे,
ओळखीच्या माणसाने
बेल न वाजवता टकटक करावी तशी.
उठले, पाणी प्यायले,
गोळीचं पाकीट हातात घेतलं,
परत ठेवलं.