विंचवाचं बी

काल रात्री अकराला खातं बंद पडलं.
पडद्यावर मोठ्या अदबीनं लिहिलेलं :
लोक तुम्हाला ज्या नावानं ओळखतात ते नाव द्या.
ओळखपत्राचा फोटो जोडा.
चारी कोपरे दिसले पाहिजेत.

मी वेणी घालत होते,
सुभाषनगरच्या खोलीत, ट्यूबखाली,
ओल्या चामड्याचे पदर मांडीवर.
बोटं थांबली नाहीत. उद्या तीस जोड द्यायचे होते.

लोक ओळखतात म्हणजे कुठले लोक?
आत्यानं बारशाला कानात कुर्र करून सांगितलेलं नाव
तिच्याबरोबरच गेलं.
घरात मी धुरपा,
गुरुजींनी हजेरीत द्रौपदी केली.
लग्नात नवऱ्यानं अंगठीनं तांदळात लिहिलं : चैताली.
मी ताटात वाकून बघितलं, कोण ही बाई?
संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला.
पुढं आधारवाल्या पोरानं एक मात्रा खाल्ली,
तेव्हापासून सरकारात मी चेताली.
आणि महाद्वार रोडचा व्यापारी फोनवर म्हणतो,
'वेणीवाल्या मावशी हायत का?'

राहिलं आडनाव.
ते सांगितलं की समोरचा 'म्हणजे तुम्ही…'
एवढंच म्हणतो,
पुढचं चहाबरोबर गिळतो.

म्हणून मी विंचू.
पायताण करकरतं ते चामडं बोलतं म्हणून नव्हे.
तळाच्या दोन थरांत विंचवाचं बी घालतात,
रानातलं, काळं, नांगीचं.
आधी सासरे घालायचे, आता मी.
वरून दिसत नाही, खालून दिसत नाही.
घालून चालणाऱ्याला वाटतं, आपलाच रुबाब.

विंचवानं पहिल्यांदा लिहिलं ते इतकंच :
एका जोडाच्या वेणीला मला काय मिळतं
आणि तोच जोड काचेमागं कितीला.
चारशे जणांनी वाचलं. मग सवय लागली.
नवऱ्याचं लिहिलं, बचत गटाच्या वहीचं लिहिलं,
आणि एकदा, खोटं कशाला बोलू,
मालनच्या पोरीबद्दल असं लिहिलं
जे तोंडावर कधी बोलले नसते.
पुसलं लगेच.
पण पोर तीन दिवस नळावर आली नाही.

नाव खरं असलं की माणूस नीट वागतो, म्हणे.
'घर हुडकून काढतो तुझं' असं लिहिणारा
सर्जेराव बळवंतराव, आणि पुढं आडनाव,
तिन्ही खरी.
फेट्यातला फोटो, मागं गाडी, गाडीचा नंबरसुद्धा.
त्याचं खातं चालू आहे.

सकाळी मी फोटो काढला.
कार्डाचा नव्हे, पायताणाच्या तळव्याचा.
पायताणाला कोपरे नसतात.
तसाच पाठवला.
उत्तर आलं : प्रतिमा वाचता येत नाही,
पुन्हा प्रयत्न करा.

जोड उन्हात ओळीनं मांडले.
व्यापाऱ्याचा पोरगा न्यायला आला.
एक जोड पायात चढवून
बोळातनं चार पावलं ऐटीत चालला, परत आला.
'मावशी, ह्याचा आवाज लई भारी हाय.'

व्हय, म्हटलं.
पोत्याचं तोंड शिवत होते,
सुतळी दातात होती.