रकाना पहिला

माझं काम कार्डं भरायचं.
पहिला रकाना नाव, दुसरा रंग, तिसरा लस,
मालकाची सही तळाशी.
तिबिलिसीत कुत्र्यांना तोटा नाही,
अवलाबारच्या चढावर तर माणसामागे एक;
कानात पालिकेचा पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर आकडा,
बाकी सगळं जगाच्या मर्जीवर.

नावं कशी पडतात ते मला विचारा.
एकीचं नाव 'पावती', कारण आली त्याच दिवशी
तिनं विजेच्या बिलाची पावती खाल्ली.
एक 'गुरुवार'. सापडला मंगळवारी,
पण मालकीण विसरभोळी.
एका निवृत्त कर्नलचा 'शांत हो':
इतक्यांदा ऐकलं की बिचाऱ्याला तेच आपलं वाटलं.
आणि नुकताच घटस्फोट झालेले एक दंतवैद्य,
त्यांच्या कुत्रीचं नाव मी कार्डावर लिहिलं,
मोठ्यानं वाचलं नाही.

माझंही नाव वापरलेलंच.
मझेविनार, माझी न पाहिलेली आत्या,
विसाव्या वर्षी गेली.
कोणी हाक मारली की अजून
क्षणभर थांबते मी,
ती आधी ओ देते का बघते.

नोव्हेंबरात एक पोरगा आला, नऊ-दहा वर्षांचा,
कोटात गुंडाळलेला कुत्रा दोन्ही हातांत,
मागचा पाय मोटारीखाली गेलेला.
बिल्ला चव्वेचाळीसशे सतरा.
'नाव?' मी मान वर न करताच विचारलं.
'आर वित्सी,' तो हुंदक्यात म्हणाला.
आमच्या भाषेत: माहीत नाही.
माझा हात सवयीचा गुलाम,
ऐकलं ते लिहिलं.
आतून डॉक्टर ओतारनी आवाज दिला,
'आर वित्सी कोण? आणा आत!'
आणि रक्तानं माखलेल्या कोटातून
एक कान उभा राहिला.

चौथ्या दिवशी त्याला न्यायला अख्खं आवार आलं.
खाटीक बादरी म्हणाला, हा आमचा कुपाता,
कुपात्यांची, म्हणजे सॉसेजची, अख्खी माळ
गळ्यात घालून पळाला होता ईस्टरच्या आदल्या दिवशी.
हास्मिकबाई म्हणाल्या, बालिक आहे तो, बालिक.
आर्मेनियनमध्ये लेकरू.
त्यांची स्वतःची दोन्ही मार्सेलला.
गाड्या राखणारा झाउर म्हणे, मिनिस्टर,
काळ्या मोटारीखालीच झोपतो, तेही कामाच्या वेळात.
पोरगा गप्प. कार्डावर त्याला
आपलंच उत्तर दिसलं होतं.

मग काय, नाव ठेवायला आलेले
एकमेकांना नावं ठेवू लागले.
लेकराला कोणी अंगणात झोपवतं का, हास्मिक?
आणि तुझी ती माळ, बादरी, कुत्र्यालाच मानवली असती!
सही मात्र कोणी करेना.
सहीखाली पत्ता लागतो,
पत्त्यावर औषधाचं बिल येतं.

तेव्हा दाराजवळच्या खुर्चीतून लामारा उठल्या.
तीस वर्षं ट्रॉलीबसची तिकिटं फाडलेल्या बाई,
चष्मा शोधला, पेन झटकलं, सही केली.
'तुम्ही काय म्हणता त्याला?' मी विचारलं.
'काही नाही,' म्हणाल्या. 'असतो तो.'

आता लसीच्या दिवशी मी 'आर वित्सी' पुकारते,
बाकावरची माणसं हसतात,
आणि तो उठतो, किंचित लंगडत,
सात पिढ्यांचं नाव असल्यासारखा.

संध्याकाळी घरी जाताना माझी वाट त्याच आवारावरून.
दिवे लागतात तशा सज्जांतून हाका सुटतात,
कुपाता! बालिक! मिनिस्टर!
पोरगा नुसती शीळ घालतो.
तुतीखाली बसलेला तो
एकेका हाकेकडे बघतो,
आलेली पत्रं सावकाश वाचणाऱ्या माणसासारखा.
मग उठतो,
आणि मांडीवर परात घेऊन
राजम्याच्या शेंगा सोलत बसलेली, हाक न मारणारी,
तिच्या पायाशी जाऊन पडतो.